काकांच्या हातचं माप

आमच्या नात्यागोत्यात आणि ओळखीपाळखीत जेवढी माणसं आहेत, त्यांत स्वतःच्या हातांवर एवढा विश्वास आणि बाकी सगळ्या जगावर एवढा अविश्वास असलेला दुसरा माणूस नाही. हे मी पुरेसा विचार करून लिहितो आहे. मला वाढवून सांगायची सवय नाही. मी मूल गावातल्या एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो आणि काट्यावर दिसतं तेवढंच लिहितो. पण माझ्या बायकोच्या काकांबद्दल लिहायला बसलं की काटा आपोआप पुढे सरकतो, त्याला माझा इलाज नाही.

काका सावली गावाच्या पुढे, वैनगंगेकडे जाताना लागणाऱ्या एका गावात राहतात आणि चामड्याचे जोडे शिवतात. त्यांचे वडील शिवायचे, आजोबा शिवायचे, आणि त्यांच्या आधीचे कोण ते काकांना माहीत नसलं तरी तेही शिवतच असणार, याबद्दल त्यांना शंका नाही. चामडं कापायची रापी घरात पणजोबांपासून आहे. दगडावर घासून घासून तिचं पातं एवढं झिजलंय की आता मूठच जास्त आणि रापी कमी, अशी गत आहे. नवी घ्या म्हटलं की काका म्हणतात, "नवी चामडं कापते. हे इचारून कापते." रापी चामड्याला नेमकं काय विचारते, हे मी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की लग्न ठरवताना मुलाची चौकशी नीट झाली नाही याचं त्यांना पुन्हा एकदा वाईट वाटलं असावं.

घड्याळ, टेप, थर्मामीटर, वजनकाटा या सगळ्यांना ते एकाच रांगेत बसवतात. ताप हातानं, तांदूळ मुठीनं आणि रस्त्याचं अंतर बिडीनं मोजतात. एकदा धान घेऊन आलेल्या ट्रॅक्टरवर बसून ते आमच्या मिलमध्ये आले. मी मोठ्या हौसेनं काटा दाखवला. ट्रॅक्टर वर चढला, आकडे लागले. काका बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जवाई, हा काटा सगळ्याइले मोजते. याले कोन मोजते?" मी म्हटलं, "सरकारी माणूस येतो तपासायला." "अन् त्याले?" मी नोंदवहीत आकडा लिहू लागलो. तेवढ्यावर काकांचं समाधान झालं आणि ते मिलच्या मालकाकडे चहा प्यायला निघून गेले. मालकाला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण पुढे काही दिवस मालक येता-जाता काट्याकडे संशयानं बघायचा.

माप घ्यायची त्यांची पद्धत ठरलेली आहे आणि ती देवानं सांगितलं तरी बदलणार नाही. माप सकाळी घ्यायचं नाही. सकाळचा पाय झोपेतला असतो, त्याच्यावर भरवसा नाही. दिवसभर चालून फुगलेला, दमलेला, संध्याकाळचा पाय तेवढा खरा. तो दोन्ही हातांत घट्ट धरायचा, डोळे मिटायचे, आणि हातांनी सांगितलं की सोडायचा. कागद नाही, सुतळी नाही, खूण नाही. वडिलांनी त्यांना हेच शिकवलं आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी. गावात कुणाच्या घरी लग्न असलं की नवरदेवाचा जोडा काकांकडूनच. आणि घरच्या जावयाला तर सुटकाच नाही. आमच्या लग्नात मी सकाळी पोहोचलो आणि हे समजताच काकांनी मला तलावाच्या पाळीवरून पार पलीकडच्या बोडीपर्यंत, म्हणजे लहान तळ्यापर्यंत, चालत पाठवलं, सोबत दोन मेव्हणे, मी मधूनच कुठे बसू नये म्हणून. संध्याकाळी भर मांडवात माझा पाय हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले. मग डोळे उघडून त्यांनी जाहीर केलं, "पोरगा हिशोबी हाय. आंगठा आखडून चालते. पोरगी उपाशी नाई राह्यची, पन सिनेमाले नाई जायची." मांडव हसला. खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी तशाच झाल्या.

तो जोडा मला पूर्ण एक पावसाळा चावला. मी तक्रार केली तेव्हा काका म्हणाले, "चावते म्हनजे वळखून राह्यला तुमाले. घाई नोका करू." पुढे त्याची माझी ओळख झाली. आजही मिलमध्ये मी तोच घालतो. तळ दोनदा बदलला, वरचं चामडं अजून पहिलंच आहे.

काकांच्या घरात माणसांपेक्षा जास्त मान एका चामड्याला आहे. त्यांच्या वडिलांनी हिरडा आणि ऐनाची साल घालून घरच्या कुंडात कमावलेलं ते शेवटचं कातडं. त्यानंतर वडील गेले, कुंड बुजलं, आणि काका बाजारातून चामडं आणू लागले. हे एक मात्र मधल्या खोलीत आढ्याला गुंडाळून टांगलेलं असतं. त्याचं नाव "बुढा". वडिलांनाही ते बुढाच म्हणत, त्यामुळे नवख्या माणसाला घरात नेमकं कुणाबद्दल बोलणं चाललंय ते कळायला वेळ लागतो. "बुढ्याले ऊन दाखवून आनतो", "बुढ्याले तेल लावाचं हाय", "बुढ्याजवळ उंदीर दिसला, मांजर बांधा तिथी." करंजाचं तेल पिऊन पिऊन बुढा इतका मऊ झालाय की गालाला लावावा. पण कुणी लावायला गेलं तर काका पाटावरून उठतात.

हा बुढा आजवर अनेकांना कबूल झाला. थोरल्या मुलीच्या नवऱ्याला, सरपंचाला, एवढंच काय, झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीच्या मालकाला राजाच्या पायात घालायला जोडे हवे होते, त्यालाही. प्रत्येक वेळी तोच प्रयोग व्हायचा. काका बुढ्याला खाली उतरवायचे, अंगणात पसरायचे, रापीला धार लावायचे, रापी हातात घेऊन चामड्याभोवती उकिडवे फिरायचे, आणि शेवटी बुढा गुंडाळून पुन्हा आढ्याला. "आज त्याचं मन नाई," एवढंच सांगायचे. राजाला मग बाजारच्या चामड्याचे जोडे मिळाले. नाटक सुरू झाल्यावर पहिल्या रांगेतून काकांनीच मोठ्यानं सांगितलं, "जोडे आमचेच हायेत, चामडं आमचं नोहे!" राजाचं भाषण तेवढ्यापुरतं थांबलं.

या माणसाला पुरून उरणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे काकी. बुटकी, तरतरीत, जिभेला रापीपेक्षा बारीक धार. धंद्यातला अर्धा भाग तिचाच. बाईमाणसाचा पाय परक्या पुरुषानं धरायचा नाही, म्हणून गावातल्या बायकांची मापं काकी घ्यायची. पाय धरायचा आणि हाताची ती ठेवण जशीच्या तशी राखत, वाटेत कुणाशी न बोलता, घरी यायचं. काकीला न बोलता चालताना पाहिलं की गाव ओळखायचं, कुणाचं तरी माप चाललंय. घरी आल्यावर काका आपला हात तिच्या हातावर ठेवायचे आणि माप एका हातातून दुसऱ्या हातात जायचं. असे गावभरच्या बायकांचे जोडे झाले. राहिली ती काकी. स्वतःचा पाय स्वतःला धरता येतो, पण वाकून धरलेला पाय खरा नसतो, असं काकांचं म्हणणं. आणि काकांनी धरायचा म्हटलं तर काकीचा ठाम नकार. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावला तर ते पाप बायकोच्या माथी बसतं, असं तिच्या आईनं तिला सांगून ठेवलेलं. मग ती आयुष्यभर बाजारची रबराची चप्पल घालत आली. धानाच्या रोवणीत अनवाणी, बाजारात चप्पल, घरात पुन्हा अनवाणी. काका एवढं बोलतात, पण या विषयावर मी त्यांना बोलताना ऐकलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांची थोरली, रंजना, सुट्टीत घरी आली. ती कुरखेड्याला नर्स आहे. सारवलेल्या ओसरीवर तिला रक्ताचे ठिपके दिसले. ते तिनं मागं मागं जात पाहिले, तर ते चुलीजवळ, काकीच्या पायापर्यंत पोहोचले. चपलेच्या पट्ट्यानं करंगळीजवळ चांगली जखम झाली होती, आणि काकीला पत्ताच नव्हता. तपासणी केली तर शुगर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पायाची जाणीव कमी झाली आहे, ही जखम भरेल, पण यापुढे पायाला कुठेही न घासणारं, नेमक्या मापाचं, मऊ पायताण हवं. पुन्हा जखम होऊन चिघळली तर बोट, कदाचित पाऊलही काढावं लागेल. घरी येऊन काकी म्हणाली, "काढा म्हना. तेवढंच धुवाचं कमी." कुणी हसलं नाही.

रंजना म्हणाली, "मी धरतो मायचा पाय. तुमी माह्या हातावरून माप घ्या." काकांनी मान हलवली. "तू मायचा पाय धरशीन तं नमस्कार केल्यावानी धरशीन. हात हलका पडते. मापाले हात घट्ट पायजे." मग त्यांनी आपल्या परीनं एक डाव टाकला. धानाच्या बांधीतली ओली माती टोपल्यानं आणून दारात थापली आणि स्वतः खाटेवर झोपेचं सोंग घेऊन पडले. काकी डोक्यावर पाण्याचं गुंड घेऊन आली, मातीत पाय पडला, आणि तिनं खाटेकडे बघून जे सुरू केलं ते शेजारच्या आळीपर्यंत गेलं. काकांनी ते सगळं डोळे मिटून ऐकलं आणि ती आत जाताच उठून त्या ठशावर हात ठेवला. त्या मापाचा जोडा तयार झाला. डोक्यावर भरलेलं गुंड, खाली मऊ माती, पाय फाकणारच. काकीनं जोड्यात पाय घातला आणि म्हणाली, "याच्यात मी राह्यतो, अन् मांगं किरायदार ठेवतो." काकांनी दोष मातीला दिला. पूर्वीची माती आता राहिली नाही म्हणे.

आम्हाला बोलावणं आलं ते त्यानंतर. मी टेप घेऊन गेलो. जावयानं सासूच्या पायाशी बसणं काकीला चालणार नव्हतं, म्हणून माझ्या बायकोनं टेप धरली आणि मी बाजूला बसून आकडे घेतले. लांबी, रुंदी, चवड्याचा घेर, घोट्याचा घेर, सगळं पुन्हा एकदा तपासून. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. "टेपानं झंपर शिवतेत," एवढं ते भिंतीला म्हणाले. पण आकडे घेतले आणि दोन दिवसांत जोडा शिवला, आणि दिसायला तो असा देखणा झाला की मला आत कुठेतरी बरं वाटलं. काकी दिवसभर घालून मिरवली. "जवायाचा टेप मस्त हाय हो," असं तिनं काकांना दोन-चारदा ऐकवलंही. संध्याकाळी रंजनानं जोडा काढला तर करंगळीची कड लाल, सुजलेली, कातडी सोलायच्या बेतात. काकीला काहीच लागलेलं नव्हतं. तेच तर भीतीचं होतं.

आकडे बरोबर होते. फक्त ते सकाळी घेतलेले होते. संध्याकाळच्या पायाचा नियम मांडवभर ओरडून सांगणारे काका त्या सकाळी तिथेच बसून तो नियम साफ विसरले होते, आणि मी तर त्या नियमाला कधी नियम मानलाच नव्हता. मला वाटलं, आता काका मला सोडणार नाहीत, पुढची दहा लग्नं तरी हा किस्सा पुरेल. पण ते उठले, मधल्या खोलीत गेले आणि बुढ्याला खाली उतरवलं.

अंगणात अजून ऊन होतं. त्यांनी बुढा पसरला, रापी दगडावर घासली. हा प्रयोग सगळ्यांनी पाहिलेला, म्हणून काकी आतूनच म्हणाली, "ठेवा गुंडाळून. भात थंडा होऊन राह्यला."

काका दारात आले. "पाय दे."

"काय?"

"पाय दे म्हनलं तुहा. माप घ्याचं हाय."

"नाई."

"गावातल्या कुत्र्याचा पाय मोडला तं मी धरून बांधतो. तुहा काऊन नाई?"

"मी का कुत्री हाव?"

"कुत्री बरी. आयकते तरी."

"मले पाप नोका लावू या वयात. मायनं सांगतलं होतं मले."

"तुह्या मायच्या जोड्याचं माप कोनं आनलं होतं माह्याकडे? तूच ना? तिचे पाय धडधाकट राह्यले आखरीपर्यंत. अन् तुहा पाय..." त्यांनी रापी उंबऱ्यावर ठेवली आणि खाली बसले. "तुहा पाय गेला तं मी का करू, सांग. सारं गाव माह्या जोड्यानं चालते, अन् तू..."

रंजना आणि माझी बायको भिंतीशी उभ्या होत्या, मी खुर्चीवर. कुणी मध्ये पडलं नाही. काकी मग खाटेवरून उतरली, सुजलेला पाय सांभाळत त्यांच्यासमोर बसली, पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. लगेच उचललं नाही. उठली तेव्हा म्हणाली, "आधी मी पाया पडतो. आता तुमी धरले तरी बरोब्बर होते. माह्यावर काई नाई उरत." आणि खाटेवर बसून तिनं पाय पुढे केला. "घ्या."

मी आयुष्यभर जमा-खर्चाची दोन्ही अंगं जुळवत आलो आहे. इतकी साधी जुळणी माझ्या डोक्यात आली नसती.

काकांनी पाय दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. एरवी पाय धरला की त्यांचं तोंड लगेच सुरू होतं, हा कंजूस, हा आळशी, ही सासूला त्रास देणारी. त्या दिवशी त्यांनी काही जाहीर केलं नाही. काकीच थोड्या वेळानं म्हणाली, "झालं का जी माप?" "नाई झालं. चूप बस," काका डोळे न उघडता म्हणाले. आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता बाहेर अंगणात आलो. बऱ्याच वेळानं काका आले आणि आमच्यासमोर, एकदाही उकिडवे न फिरता, त्यांनी बुढ्याच्या कोपऱ्यातून रापी फिरवली. चामडं कापल्याचा आवाजही आला नाही. तिनं विचारून कापलं असावं.

तो जोडा काकीच्या पायात आहे. जखम भरली. बुढा पुन्हा आढ्याला आहे, एक कोपरा नसलेला. काकांची नजर आता कमी झाली आहे, हात थरथरतो. शिलाई रंजना सुट्टीला आली की करते, बाकीच्या वेळी गावात फारशी मागणीही नसते. लोक प्लास्टिकचे सॅन्डल घालतात आणि काका ओसरीवरून त्या सॅन्डलांना नावं ठेवतात. त्यांच्या बढाया पहिल्यासारख्याच चालू आहेत. राजाच्या जोड्याची, सरपंचाच्या जोड्याची, माझ्या आंगठ्याची गोष्ट पाहुण्यांना अजून ऐकावी लागते. काकीच्या जोड्याचं कुणी विचारलं की मात्र त्यांना अचानक बाहेर काहीतरी काम आठवतं.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. ऊन उतरलं तसे काका मला म्हणाले, "जवाई, तिचा पाय बदलला वाटते. शुगरचा पाय हाय, भरवसा नाई. माप पुन्हा पाह्यलं पायजे." मला त्या पायात काही बदल दिसला नव्हता. दिवाळीला त्यांनी हेच म्हटलं होतं, आणि संक्रांतीलाही. काकीनं कुरकुर करत पदर डोक्यावर घेतला, वाकली, त्यांच्या पायावर डोकं टेकलं आणि खाटेवर बसली. काकांनी पाय हातात घेऊन डोळे मिटले.

"झालं का जी?" आतून काकीचा आवाज आला तेव्हा मी अंगणात गाडीला किक मारायच्या बेतात होतो.

"राह्य ना वो," काका म्हणाले. "आजूक नाई झालं."

मी गाडी जरा पुढे ढकलत नेली आणि वळणावर गेल्यावर सुरू केली.